दिवेवाल्या बाईंची हिशेबवही

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो. नर्सिंग कॉलेजांत आणि रुग्णालयांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो. गणवेशातल्या मुली मेणबत्त्या हातात घेऊन शपथ घेतात. तसबिरीत बाईंच्या हाती बहुधा अल्लाउद्दीनच्या गोष्टीत शोभेल असा चोचीचा दिवा असतो. प्रत्यक्षात त्यांच्याकडे होता तो तुर्की बाजारात मिळणारा साधा घडीचा कंदील. शपथही त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात तयार झाली.

या चुका किरकोळ म्हणून सोडून देता येतील. पण त्या तसबिरीमुळे एक मोठी गोष्ट झाकली जाते. रात्री कंदील घेऊन वॉर्डातून फिरण्याचे काम बाईंनी जेमतेम पावणेदोन वर्षे केले. त्यानंतरची कित्येक दशके त्यांची होती कागद, आकडे आणि नकाशांची. एवढा काळ त्या एकाच प्रश्नाच्या मागे होत्या. संकट आले की रुग्णालय का कोसळते, आणि ते कोसळू नये म्हणून आधी काय करून ठेवायला हवे? आज रुग्णालय चालवायचे तर अग्निसुरक्षेचा दाखला लागतो, आपत्तीचा आराखडा लागतो, रंगीत तालीम घ्यावी लागते. हे कागद नुसती कटकट वाटू लागले, तर बाईंचे आयुष्य एकदा वाचावे.

आकड्यांची आवड

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील श्रीमंत इंग्रज, लग्नानंतर युरोपच्या लांबलचक सफरीवर निघालेले. मुलगी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाली म्हणून नाव फ्लॉरेन्स. थोरली बहीण नेपल्सला जन्मली, तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव मिळाले, पार्थेनोपी. इंग्लंडला परतल्यावर हॅम्पशायर आणि डर्बीशायर अशा दोन ठिकाणी कुटुंबाची प्रशस्त घरे होती. केंब्रिजला शिकलेल्या वडिलांनी मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. धाकटीला मात्र गणित हवे होते. आईच्या मते मुलीच्या जातीला गणित काय कामाचे? बरीच मनधरणी झाल्यावर शिकवणी मिळाली.

सोळाव्या वर्षी आपल्याला देवाने सेवेसाठी बोलावले आहे असे फ्लॉरेन्सला वाटले. कोणती सेवा, हे ठरायला बरीच वर्षे गेली. १८४५ साली तिने जवळच्या सॉल्सबरीच्या रुग्णालयात काम शिकायची परवानगी मागितली, तेव्हा घरात आकांत झाला. त्या काळी रुग्णालयातली नोकरी म्हणजे अशिक्षित, गरजू, बऱ्याचदा दारूच्या आहारी गेलेल्या बायकांचे काम समजले जाई. परवानगी मिळाली नाही. मग ती पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे आणि आरोग्य खात्याचे सरकारी अहवाल वाचू लागली, आकड्यांच्या वह्या भरू लागली. सकाळी न्याहारीच्या वेळी खाली येऊन पुन्हा घरची शहाणी लेक होऊन बसायचे, असा क्रम चालला. चांगले स्थळ चालून आले होते, तेही तिने नाकारले.

अखेर १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवेर्थ इथल्या सेवाश्रमात तिला तीन महिने शिकायला मिळाले. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील महिलांच्या छोट्या शुश्रूषागृहाची जबाबदारी तिच्याकडे आली. तेहतीस वर्षांच्या या बाईंनी पहिल्यांदा काय मागितले? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, खालच्या स्वयंपाकघरातून वर जेवण चढवणारा पाळणा, आणि कोणत्या रुग्णाने बोलावले ते परिचारिकेला कळेल अशी घंटी. हिशेब सरळ होता. परिचारिका दिवसभर जिने चढत-उतरत राहिली तर रुग्णापाशी थांबणार कधी? मग कोठीची मोजदाद झाली. चादरी किती, फाटक्या किती, किराणा घाऊक आणला तर काय वाचेल. सेवाभाव असला की रुग्णालय आपोआप चालते, यावर बाईंचा विश्वास नव्हता.

स्कुटारीची बराक

१८५४ च्या मार्चमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स रशियाविरुद्ध युद्धात उतरले. लढाई काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या क्रिमियात, आणि ब्रिटिशांची मुख्य रुग्णालये समुद्र ओलांडून पलीकडे, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी गावात. आज हा भाग उस्कुदार नावाने इस्तंबूल शहरातच येतो. जखमी आणि आजारी सैनिक गलबतांत दाटीवाटीने भरून तिथे पाठवले जात. शरद ऋतूत लंडनच्या टाइम्समध्ये वार्ताहर विल्यम रसेल यांच्या बातम्या छापून येऊ लागल्या. जखमा बांधायला चिंध्याही मिळत नाहीत हे वाचून इंग्लंड खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल कुटुंबाचे स्नेही होते. त्यांनी बाईंना परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबरला ३८ जणी निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ ला स्कुटारीला पोहोचल्या. दुसऱ्याच दिवशी क्रिमियात इंकरमनची लढाई झाली. म्हणजे बाई सामान उतरवत होत्या तेव्हा शेकडो नवे जखमी वाटेवर होते.

ज्याला रुग्णालय म्हणत ती मुळात तुर्की सैन्याची भलीमोठी बराक होती. चार बाजूंनी लांबच लांब ओसऱ्या, मध्ये चौक. सैनिकांना झोपायला बांधलेल्या इमारतीत रुग्ण आणून ठेवले, एवढ्याने ती रुग्णालय झाली होती. खाटा कमी, म्हणून माणसे जमिनीवर. पाणी मोजून मिळे. संडास तुंबलेले. शस्त्रक्रियेची टेबले नाहीत, झाडू नाहीत, ताटवाट्या नाहीत. आलेल्या बायकांना वॉर्डात घ्यायला डॉक्टरही राजी नव्हते. बाईंनी आपल्या परिचारिकांना सांगून ठेवले होते की डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. त्या पट्ट्या शिवत, पेज शिजवत बसून राहिल्या. काही दिवसांतच जखमींचा लोंढा आला आणि डॉक्टरांनी स्वतःहून बोलावणे धाडले.

बाईंना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. सामान नव्हते असे नाही. सामान होते, पण ते रुग्णापर्यंत पोहोचत नव्हते. एकदा सरकारने पाठवलेले २७ हजार सदरे बंदरावर उतरले. कोठारप्रमुखाचे म्हणणे असे की समितीची बैठक होऊन मंजुरी मिळाल्याखेरीज गठ्ठे फोडता येणार नाहीत. तीन आठवडे गठ्ठे पडून राहिले आणि आत सैनिक उघड्या अंगाने कुडकुडत राहिले. तिकडे क्रिमियात सैनिकांच्या हिरड्यांतून रक्त येत होते. लिंबाच्या रसाने हा आजार थांबतो हे ब्रिटिश नौदलाला कित्येक दशकांपासून ठाऊक होते. रसाचा साठा डिसेंबरात बंदरावर आला, पण रोजच्या शिध्यात तो द्यावा असा हुकूम नव्हता, म्हणून फेब्रुवारीपर्यंत तो वाटलाच गेला नाही. यात कोणी दुष्ट नव्हते. प्रत्येक जण आपापला नियम पाळत होता. शांततेच्या काळासाठी केलेले नियम युद्धात कोणी आणि कसे सैल करायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते.

बाईंकडे दोन गोष्टी होत्या. टाइम्सच्या वाचकांनी जमवलेला निधी आणि स्वतःचे पैसे. त्यातून त्यांनी इस्तंबूलच्या बाजारातून घासायचे ब्रश, साबण, मोजे, चमचे, कापड विकत आणले आणि रुग्णालयात आपली वेगळी कोठी उघडली. जवळ एक घर भाड्याने घेऊन तिथे पाणी तापवायच्या टाक्या बसवल्या आणि सैनिकांच्या बायकांना धुलाईच्या कामाला लावले. पथ्याच्या जेवणाचे स्वयंपाकघर सुरू केले. डिसेंबरात आणखी शेकडो रुग्ण येणार अशी सूचना आली, पण बराकीचा एक भाग मोडकळीला आलेला. दुरुस्तीला मंजुरी कोणी द्यायची यावर घोळ सुरू झाला. बाईंनी दोनशे कामगार लावून, आधी आपल्या पैशांनी, आठशे माणसांची सोय होईल एवढी जागा तयार करून घेतली. आजच्या भाषेत याला अतिरिक्त खाटांची तजवीज म्हणतात. त्या वेळी तिला आगाऊपणा म्हटले गेले.

रात्रीच्या फेऱ्यांची गोष्ट खरी आहे. दिवसभराची कामे आटोपली की बाई कंदील घेऊन ओसऱ्यांतून फिरत. कुणाचे पत्र लिहून देत, मरणाऱ्याच्या उशाशी बसत. तीच हकिकत इंग्लंडला पोहोचली आणि दिवेवाली बाई घराघरांत माहीत झाली.

नालीने सांगितलेले सत्य

आता या गोष्टीतला सर्वांत अवघड भाग. बाई आल्या, चादरी धुतल्या गेल्या, गरम पेज मिळू लागली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत उपचारासाठी आलेल्या शंभर रुग्णांमागे ४२ हून अधिक दगावत होते. ते जखमांनी कमी मरत होते. जुलाब, आमांश, कॉलरा आणि तापाने मरत होते.

मार्चमध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी खाटांऐवजी जमिनीखाली पाहिले. प्रचंड बराक जणू तुंबलेल्या गटारांवर उभी होती. संडासांतून दूषित हवा थेट वॉर्डात शिरत होती. रुग्णालयाच्या मोठ्या भागाला पाणी पुरवणाऱ्या वाहिनीत मेलेला घोडा कुजत पडलेला सापडला. आयोगाच्या माणसांनी पाचशेहून अधिक हातगाड्या कचरा काढला, मेलेली जनावरे पुरली, नाल्या धुऊन वाहत्या केल्या, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडून हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास आले. हवामान सुधारले होते, गर्दीही कमी झाली होती, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या नालीला देता येत नाही. पण नाली साफ होण्याआधी केलेली शुश्रूषा अपुरी पडली, हे दिसत होते.

बाईंना हे लगेच उमगले नाही. माणसे उपाशी, थकलेली आणि फार उशिरा आपल्याकडे येतात म्हणून मरतात, असे त्या तिथे असताना समजत होत्या. स्वतःही मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हाला तापाने मरता मरता वाचल्या. युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये स्वागतसमारंभ टाळून त्या गुपचूप घरी परतल्या. देश त्यांना देवी मानत होता. त्यांच्या नावाने निघालेल्या निधीत सुमारे ४५ हजार पौंड जमले होते. बाई मात्र हिशेब मागत होत्या. इतकी माणसे नेमकी कशाने गेली?

त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली आणि सैन्याच्या आरोग्यावर चौकशी आयोग नेमवून घेतला. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातले संख्यातज्ज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर त्या आकडे घेऊन बसल्या. रुग्णालयावार, महिन्यावार तक्ते मांडले गेले आणि नको ते समोर आले. आघाडीवरच्या तंबूतल्या साध्या इस्पितळांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या रुग्णालयात माणसे जास्त मरत होती. म्हणजे जिथे त्या स्वतः रात्रंदिवस राबत होत्या, ती इमारतच रोग पसरवत होती.

दुसरे कोणी असते तर हा कागद खणात गेला असता. बाईंनी आठशेहून अधिक पानांचा अहवाल लिहिला आणि त्यात स्कुटारीचे अपयश स्पष्ट मांडले. राजकारण्यांना तक्ते वाचायचा कंटाळा असतो, म्हणून १८५८ मध्ये त्यांनी पाकळ्यांसारखे चित्र काढले. प्रत्येक महिन्याला एक पाकळी. निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांच्या मृत्यूंचा, लाल जखमांच्या, काळा इतर कारणांच्या. निळ्यापुढे लाल जवळजवळ दिसेनासा होतो. बराकींत, शांततेच्या काळातही, सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळजवळ दुप्पट मरतात हेही त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत.

या काळात त्यांची प्रकृती कोसळली. पुढची कित्येक वर्षे त्या बहुतांशी अंथरुणाला खिळून होत्या. तो ब्रुसेलोसिस असावा, असा काही संशोधकांचा कयास आहे. भेटीगाठी बंद झाल्या. काम थांबले नाही.

बाई नसताना काय होईल?

१८५९ मध्ये रुग्णालयांवरचे त्यांचे पुस्तक आले. रुग्णालयाने निदान रुग्णाचे नुकसान तरी करू नये, या अपेक्षेपासून ते सुरू होते. बाईंनी मग इमारतीचे मोजमापच मांडले. वॉर्ड एकमेकांपासून सुटे असावेत, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या हव्यात, दोन खाटांत अंतर हवे, भिंती धुता येण्याजोग्या हव्यात, सांडपाणी इमारतीखालून जाता कामा नये. या पद्धतीने बांधलेले लंडनचे सेंट थॉमस रुग्णालय १८७१ मध्ये थेम्सकाठी सुरू झाले. असे लांब, हवेशीर वॉर्ड आपल्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांतही पाहायला मिळतात.

दुसरी मागणी आकड्यांची. एक रुग्णालय मृत्यू एका पद्धतीने मोजणार, दुसरे दुसऱ्या, मग तुलना कशी करायची? १८६० मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या नोंदींचा नमुना ठेवला. अनेक रुग्णालयांना तो भरणे किचकट वाटले आणि तो फारसा रुजला नाही. पण आपल्या रुग्णालयात कोण कशाने मरते हे रुग्णालयाला माहीत असलेच पाहिजे, ही अपेक्षा मागे राहिली. त्याच वर्षी त्यांच्या निधीतून सेंट थॉमसमध्ये परिचारिकांची शाळा उघडली.

शुश्रूषेवर त्यांनी सामान्य घरांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. त्याचे सार असे की आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही व्हावे याची तजवीज करणे म्हणजे खरी जबाबदारी. उत्तम परिचारिका चोवीस तास जागी राहू शकत नाही. ती बाहेर गेली, आजारी पडली, झोपली, तर औषध कोण देईल? खिडकी कोण उघडेल? किल्ली कुणाकडे? हे आधीच ठरलेले आणि सर्वांना ठाऊक असले पाहिजे. आपण गेल्यावर सगळे अडते यात भूषण मानणाऱ्यांना बाईंनी चांगलेच सुनावले आहे. आपत्ती व्यवस्थापनाचे जाडजूड आराखडे बाजूला ठेवले तरी हे एक प्रकरण पुरेसे आहे.

पुण्यापर्यंत आलेली पत्रे

भारतात बाई कधीच आल्या नाहीत. पण १८५७ नंतर भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावर आयोग नेमला गेला, तेव्हा त्यांनी इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून पिण्याचे पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, रुग्णालयात खाटा किती, असे बारीक प्रश्न विचारले. १८६३ च्या अहवालात आकडा होता दर हजारी ६९ मृत्यूंचा. दहा वर्षांनी तो १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले. पाणी, नाल्या आणि गर्दी यांत झालेल्या सुधारणांना त्यांनी त्याचे श्रेय दिले.

छावणीची भिंत घातली म्हणून रोग बाहेर थांबत नाही, हे ओळखून त्या पुढे गावांकडे वळल्या. १८७० च्या दशकात दख्खन आणि मद्रासेत भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी पाटबंधारे आणि रयतेच्या सावकारी कर्जाबद्दल लिहिले. दुष्काळ पडल्यावर अन्नछत्र उघडण्याआधी पाण्याची सोय करायला हवी होती, हा त्यांचा रोख. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा गावच्या स्वच्छतेबद्दल पत्रव्यवहार होता. सरकारी हुकमापेक्षा गावातल्याच जाणत्या माणसांनी विहीर आणि उकिरड्याची गोष्ट समजावून सांगावी, असे त्यांना वाटे.

त्या चुकल्याही. रोग घाणीच्या हवेतून उपजतो ही जुनी समजूत त्यांनी फार काळ धरून ठेवली आणि जंतूंचे शास्त्र उशिरा स्वीकारले. परिचारिकांची सरकारी नोंदणी सुरू करण्याची मागणी झाली, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. परीक्षा पास होऊन मिळालेल्या कागदावरून बाई खाटेपाशी कशी वागेल ते कळत नाही, हा त्यांचा मुद्दा. आज नोंदणी आणि परवान्याशिवाय आरोग्यसेवेची कल्पनाही करता येत नाही, म्हणजे त्या लढाईत बाई हरल्या, आणि ते बरेच झाले. पण त्यांच्या आक्षेपातला अर्धा भाग अजून शिल्लक आहे. दाखला भिंतीवर लागला म्हणजे तयारी झाली, असे नव्हे.

१९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट मिळाले. हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला. हॅम्पशायरमधल्या गावच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे.

आपल्या दारातले स्कुटारी

कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, लंडनच्या एका प्रदर्शन केंद्रात चार हजार खाटांपर्यंत वाढवता येईल असे रुग्णालय अवघ्या नऊ दिवसांत उभे राहिले. नाव दिले नाइटिंगेल. पहिल्या लाटेत तिथे ५४ रुग्णांवर उपचार झाले. जुन्या रुग्णालयांनीच आपले अतिदक्षता विभाग वाढवले होते, आणि नव्या खाटांपाशी उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका कुठून आणायच्या हा प्रश्न होताच. खाटा नऊ दिवसांत येतात, माणसे येत नाहीत. बाईंना यात नवल वाटले नसते.

आपल्याकडे ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ज्या जागी माणूस वाचायला जातो तीच जागा जिवावर उठते, हे स्कुटारीचे दुःख पुन्हा आपल्या दारात आले.

नियम आपल्याकडे आहेत. खासगी रुग्णालयांना नोंदणी करावी लागते आणि तिचे नूतनीकरणही करावे लागते. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावे लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. अमेरिकेत, कट्रिना वादळात रुग्णालयांची झालेली दैना पाहिल्यावर, त्याच वर्षी सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या आरोग्यसंस्थांना चार गोष्टी बंधनकारक झाल्या. आपल्या जागी कोणते धोके आहेत ते ओळखून आराखडा करणे, कोण काय करेल ते लिहून ठेवणे, संपर्काची पर्यायी सोय ठेवणे, आणि प्रशिक्षण देऊन तालीम घेणे. या चारही गोष्टी स्कुटारीच्या गोष्टीत तुम्हाला भेटल्या आहेत. बराकीखालची नाली हा न ओळखलेला धोका होता. सदऱ्यांचा गठ्ठा फोडण्याचा अधिकार कुणाला, हे न लिहिलेले काम होते. लिंबाचा रस आला आहे ही खबर न पोहोचणे हा तुटलेला संपर्क होता. आणि ३८ जणींना युद्धाच्या रुग्णालयाचा सराव आधी कुणी दिलेला नव्हता.

आपण डॉक्टर नाही, अधिकारी नाही. तरी आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी रुग्णाच्या उशाशी बसतो. तेव्हा दोन मिनिटे काढून पाहावे. बाहेर पडायचा दुसरा जिना कुठे आहे? त्याच्या दाराला कुलूप आहे का, की तिथे जुन्या खाटा रचल्या आहेत? आग विझवण्याच्या सिलिंडरवर तपासणीची तारीख कोणती? वीज गेली तर जनरेटर किती वेळात लागतो? रात्रपाळीला किती परिचारिका आहेत, आणि मागची तालीम त्यांनी कधी केली? हे प्रश्न शांतपणे विचारले तर कुणी रागावण्याचे कारण नाही. रागावलेच, तर तेही एक उत्तर आहे.

यंदा १२ मेला तसबिरीला हार जरूर घालावा. त्यानंतर प्रत्येक रुग्णालयात कुणीतरी कोठीची किल्ली मागावी, मागचा जिना उतरून पाहावा आणि गटाराचे झाकण उघडावे. बाईंचा दिवा खरे तर तिथे धरायचा होता.